दार उघडं ठेवावं का? शारदा सदनाचं प्रकरण

ऑगस्ट 1893 मध्ये पुण्याहून बॉस्टनला, शारदा सदनाला पैसा पुरवणाऱ्या मंडळींना, एक पत्र गेलं. सही करणाऱ्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघेही प्रार्थना समाजाचे, स्त्रीशिक्षणाचे खंदे पुरस्कर्ते आणि ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेल्या या शाळेचे सल्लागार. पत्राचा आशय असा होता: सदनातल्या बऱ्याच मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला बसतात, बायबल वाचतात; संस्था उघडपणे धर्मप्रसाराची होणार असेल तर आमचा तिच्याशी संबंध उरणार नाही. पत्राची बातमी फुटल्यावर पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या प्रकरणावर मराठीत भरपूर शाई खर्च झाली आहे. बहुतेक वेळा सदनावर ‘केसरी’तून टीका करणारे टिळक बरोबर की रमाबाई, एवढाच वाद. आपल्या चर्चमधून रमाबाईंची गोष्ट सांगतात तेव्हा हा भाग ‘विरोध झाला, पण बाई डगमगल्या नाहीत’ एवढ्या वाक्यात उरकतात. मला दोन्ही अपुरं वाटतं. ख्रिस्ती परंपरा चार मूळ सद्गुण मानते: सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम. रमाबाईंचं धैर्य सिद्ध करायची गरजच नाही. कलकत्त्याच्या पंडितांपुढे उभी राहिलेली, नवऱ्यामागे लहान मुलीला घेऊन परदेशी गेलेली बाई ती. पण 1889 ते 1893 या चार वर्षांत कस लागला तो त्यांच्या सुज्ञतेचा, आणि तिथलं उत्तर तितकं सरळ नाही.

वचन काय होतं

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाच्या निमित्ताने त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच राहून त्यांनी उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा काढायची योजना मांडली. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. असोसिएशनमध्ये निरनिराळ्या पंथांची माणसं होती, देव पिता-पुत्र-पवित्र आत्मा असा त्रैक्यरूप आहे हे न मानणारे युनिटेरियनसुद्धा. त्यामुळे शाळेत कुठल्याच धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, हे ठरवणं त्यांनाही सोयीचं होतं आणि हिंदू पालकांनाही.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षाच्या अखेरीस ते पुण्याला आलं. सदनात मुलींना जातीचे नियम, उपास, पूजाअर्चा पाळायची पूर्ण मोकळीक होती. रमाबाई स्वतः शाकाहारी, विधवेच्या साध्या पांढऱ्या लुगड्यात वावरणाऱ्या. त्या काळच्या कितीतरी मिशनरी संस्थांपेक्षा ही मोकळीक मोठी होती, आणि म्हणूनच रानडे-भांडारकरांसारखी माणसं पाठीशी उभी राहिली. त्यांच्या भरवशावर ब्राह्मण घरांतून मुली आल्या. हे विसरून चालणार नाही. पालकांनी विश्वास टाकला होता तो रमाबाईंवर कमी आणि रानड्यांवर जास्त.

वचन कशाचं होतं? धर्म शिकवणार नाही, मुलींच्या आचारात हात घालणार नाही. वचन कशाचं नव्हतं? स्वतः ख्रिस्ती म्हणून जगणार नाही, असं रमाबाईंनी कधीच म्हटलं नव्हतं. त्या ख्रिस्ती आहेत हे सगळ्या पुण्याला ठाऊक होतं. मधली जागा मात्र कोणी आखून घेतली नाही, आणि तिथेच पुढचं सगळं घडलं.

1891: बाई बदलल्या, करार तोच राहिला

या प्रकरणात सहसा दुर्लक्षित राहणारी गोष्ट ही. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत स्पष्ट सांगितलं आहे की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडल्याची जाणीव त्यांना 1891 च्या सुमारास झाली. त्याआधीचा त्यांचा विश्वास पंडितेचा होता: तपासणारा, वाद घालणारा. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर कळतं की त्रैक्याच्या सिद्धान्तापासून गळ्यातल्या क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांपर्यंत या बाईने एकही गोष्ट निमूटपणे स्वीकारली नव्हती.

म्हणजे तटस्थतेचं वचन दिलं ते या पहिल्या रमाबाईंनी. ते निभावायचं आलं दुसऱ्या रमाबाईंवर, ज्यांची प्रार्थना आता नेमाची गोष्ट उरली नव्हती, श्वासासारखी झाली होती. त्या पहाटे मुलगी मनोरमेसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडं असे. ज्या मुलीला यावंसं वाटे ती येऊन बसे. कोणाला बोलावलं जात नव्हतं, कोणाला हाकललंही जात नव्हतं.

दरम्यान अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात छापून आलं होतं की सदनातल्या विधवांपैकी काहींना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटू लागली आहे. तिकडच्या वाचकांसाठी ही आनंदाची बातमी होती. इकडे ‘केसरी’च्या हाती आयतं कोलीत मिळालं. मिशनच्या अहवालांत आजही हा प्रकार चालतो. देणगीदाराला एक चित्र आणि गावाला दुसरं. निदान या बाबतीत तरी टिळकांनी ठेवलेलं बोट चुकीच्या जागी नव्हतं.

दाराबद्दल शास्त्र काय सांगतं

गंमत अशी की शुभवर्तमानात प्रार्थनेच्या दाराबद्दल थेट आज्ञा आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो, प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घे. एखाद्या सल्लागाराने हे वचन रमाबाईंपुढे ठेवलं असतं तर?

रमाबाईंपाशी उत्तर असतं, आणि तेही शास्त्रातलंच. दानिएलाच्या सहाव्या अध्यायात राजाने फर्मान काढलं की तीस दिवस आपल्याखेरीज कोणाकडे काही मागायचं नाही. दानिएलाला हे कळलं. तो घरी गेला आणि यरुशलेमेच्या दिशेच्या उघड्या खिडक्यांपाशी, नेहमीसारखा दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. खिडकी बंद करणं त्याला सहज शक्य होतं. देव बंद खिडकीतूनही ऐकतो. पण फर्मानानंतर बंद केलेल्या खिडकीचा अर्थ एकच झाला असता.

मत्तयातली आज्ञा दिखाव्याविरुद्ध आहे. कोपऱ्यांवर उभं राहून लोकांना दाखवण्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना ती उद्देशून आहे. दानिएलाची खिडकी भीतीविरुद्ध आहे. रमाबाईंच्या प्रार्थनेत दिखावा होता असं त्यांच्या विरोधकांनीही म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. मग प्रश्न मिटला का? नाही. दानिएलाने कोणाला वचन दिलेलं नव्हतं, आणि त्याच्या खिडकीखाली दुसऱ्याच्या अल्पवयीन लेकी बसत नव्हत्या. त्याने जोखमीत घातला तो स्वतःचाच जीव. सदनाच्या दारात जोखीम होती ती मुलींच्या शिक्षणाची. म्हणून इथे दानिएलापेक्षा पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा अध्याय, जास्त लागू पडतो असं मला वाटतं. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खायला ज्याची हरकत नाही, त्यानेही दुसऱ्याच्या दुबळ्या विवेकाचा विचार करून हात आवरावा, हा तिथला मुद्दा. आपल्याला मोकळीक आहे की नाही, हा प्रश्न पौल पहिल्या काही ओळींतच सोडवतो. उरलेला अध्याय आपल्या मोकळिकीमुळे दुसऱ्याचं काय होतं याबद्दल आहे.

सुज्ञता म्हणजे नेमकं काय करायचं

तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस सुज्ञतेची तीन कामं सांगतो. आधी विचारविनिमय, मग निर्णय, आणि शेवटी निर्णय अमलात आणायचा स्वतःला दिलेला हुकूम. त्याच्या मते तिसरं काम मुख्य. नुसता विचार करीत बसणारा माणूस सावध असेल, सुज्ञ नव्हे. आपल्याकडे ‘जपून वाग’ हा सल्ला सुज्ञतेच्या नावावर खपतो, पण अक्वायनसच्या हिशेबात भित्रेपणाला तिथे जागाच नाही. आणि धूर्तपणाला तर तो सुज्ञतेचा बनावट अवतार मानतो: हेतू चांगला असला तरी वाट आडवळणाची.

रमाबाई या कसोटीवर कशा उतरतात?

तिसऱ्या कामात त्या पहिल्या येतील. ठरवलं की केलं, किंमत कितीही पडो. धूर्तपणाच्या आरोपातूनही मी त्यांना पूर्ण मोकळं करतो. छुपा धर्मप्रसार करायचा असता तर दार लावूनच केला असता. उघडं दार हाच त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होता. आत काय चाललंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं.

अडतं ते पहिल्या कामाशी. अक्वायनस सुज्ञतेचे आठ घटक मोजतो. त्यात स्मरण आहे, दूरदृष्टी आहे, आजूबाजूचं भान आहे, आणि दुसऱ्याकडून शिकायची तयारीही आहे. शेवटच्या दोहोंत रमाबाई कमी पडल्या, असं माझं मत. भान ठेवायचं म्हणजे काय? एकच कृती वेगळ्या परिस्थितीत वेगळी होते हे ओळखणं. स्वतःच्या घरातलं उघडं दार आणि वसतिगृहाच्या अधीक्षिकेचं उघडं दार ही दोन वेगळी दारं. सासर-माहेर दोन्हीकडून टाकलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी. जगात तिला मायेने जवळ घेणारी एकच बाई. आणि ती बाई रोज पहाटे एका खोलीत डोळे मिटून बसते. त्या मुलीला बोलवायची गरजच नसते. ओढ तिथे आपोआप तयार होते. ती प्रभूची ओढ होती की आईची, हे त्या मुलीलाही सांगता आलं नसतं. मोठ्या माणसाने हे ओळखायचं असतं.

शिकण्याच्या तयारीबद्दल मात्र रमाबाईंना थोडी सूट द्यावी लागेल. सल्ले देणारी माणसं त्यांना आयुष्यभर भेटली: पुण्याचे सुधारक, वाँटेजच्या सिस्टर, इंग्लंडच्या चर्चचे बिशप. बिशपांना तर रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणंही पसंत नव्हतं. यातल्या प्रत्येकाला वाटे की या बाईला कोणीतरी आवरलं पाहिजे. सतत आवरलं जाणाऱ्या माणसाला खऱ्या सल्ल्यातही लगामच दिसू लागतो. तरीही भांडारकर आणि रानडे हे आवरणारे नव्हते, जोखीम वाटून घेणारे होते. विधवेला शिकवायला ख्रिस्ती बाईकडे पाठवा, असं पुण्याच्या ब्राह्मणांना सांगायला 1890 मध्ये काय लागत असेल याची कल्पना करा.

चौथी वाट

त्या वेळी तीन वाटा सर्वांना दिसत होत्या. दार लावायचं. दार उघडं ठेवून होईल ते सोसायचं. किंवा तटस्थता सोडून संस्था उघडपणे ख्रिस्ती करायची. पहिली वाट रमाबाईंच्या विवेकाला पटणारी नव्हती. आईपाशी आलेल्या लेकराला बाहेर काढल्यासारखं ते झालं असतं. तिसरी वाट दहा वर्षांच्या करारात बसत नव्हती. त्यांनी दुसरी निवडली.

मला चौथी दिसते, आणि ती अगदी रूक्ष, कचेरीतली आहे. 1891 मध्ये मन बदललं तेव्हाच सल्लागारांना बोलावून सांगायचं: माझी श्रद्धा आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. मी शिकवणार नाही, हे वचन कायम. पण मी प्रार्थना करते आणि मुली येऊन बसतात. अल्पवयीन मुलीने बसायचं तर तिच्या पालकाची लेखी संमती हवी, सज्ञान बाईने बसायचं तर तिची स्वतःची. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी मुलगी न्यावी. वर्ष पुरं होईपर्यंत तिची व्यवस्था मी करते. यात शंभरातल्या दहा मुली गेल्या असत्या कदाचित. पण त्या वर्तमानपत्राच्या गदारोळात, एका आठवड्यात, बोचकी बांधून गेल्या नसत्या.

लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे: आधी बसून खर्चाचा अंदाज कर. तो दाखला आपण नेहमी पैशाला लावतो. रमाबाईंनी पैशाचा अंदाज उत्तम केला होता. बॉस्टनकडून दहा वर्षांची हमी घेणं हे व्यवहाराचं पक्कं काम. विश्वासाचा खर्च मात्र त्यांनी मांडला नाही. रानड्यांचं नाव वापरून मिळालेला विश्वास ही उसनवारी होती, आणि उसनवारीच्या अटी बदलल्या तर देणाऱ्याला आधी कळवायचं असतं.

दुसऱ्या बाजूचीही तपासणी हवी. सल्लागारांनी काय केलं? त्यांचा संशय एका दिवसात आलेला नव्हता. वेळोवेळी गोष्टी कानावर येत होत्या. तरी पत्र गेलं ते थेट संबंध तोडण्याचं. पालकांना जबाबदार असलेल्या माणसांनी राजीनामा द्यावा हे न्यायाला धरून आहे, हे मी मान्य करतो. पण त्यांच्या राजीनाम्याची किंमत रमाबाईंनी मोजली नाही, रानड्यांनीही मोजली नाही. ती काढून नेलेल्या मुलींनी मोजली. सुज्ञ माणूस राजीनामा देतानाही विचारतो की उद्या सकाळी या मुली कुठे जातील.

पुढे

पडझडीनंतर सदन बंद पडलं नाही. 1895 च्या वसंतात रमाबाई लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या तेव्हा विश्वास धरलेल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर होत्या. तिथे त्यांनी मागणं केलं की पंधराचा वर्ग होऊ दे: 225. श्रद्धेचा हिशेबही त्या गणितानेच मांडत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि पुण्यापासून दूर, केडगावला, स्वतः घेतलेल्या जमिनीवर त्यांना वसवलं. तेच मुक्ती मिशन.

आणि इथे मला रमाबाईंची सुज्ञता तिच्या पूर्ण उंचीवर दिसते. 1898 मध्ये बॉस्टनचा दहा वर्षांचा करार संपला तेव्हा त्यांनी तो जुन्याच शब्दांत पुढे ढकलला नाही. स्वतः अमेरिकेला गेल्या. यापुढे संस्था ख्रिस्ती असेल, हे देणगीदारांना तोंडावर सांगितलं. असोसिएशनची नव्या पायावर पुनर्रचना झाली. ज्यांना मान्य नव्हतं त्यांना सोडून जायची वाट मोकळी होती. केडगावला आलेल्या दुष्काळग्रस्त मुलींच्या बाबतीत पालकांना दिलेलं कसलंही वचन आड येत नव्हतं. सरकारची भीडही त्यांनी ठेवली नाही. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याच्या व्यवस्थेत आपल्या एका मुलीची झालेली हेळसांड त्यांनी वर्तमानपत्रात मांडली, तेव्हा गव्हर्नर सँडहर्स्टसुद्धा चिडले. म्हणजे धार कमी झाली नव्हती. फक्त आपण कोण आहोत आणि काय करणार आहोत, हे आता आधी सांगितलं जात होतं.

यानिमित्ताने आपल्या वसतिगृहांबद्दल एक बोलतो. ख्रिस्ती संस्थांच्या प्रवेशअर्जावर संध्याकाळच्या प्रार्थनेबद्दल एक ओळ असते, कधी तीही नसते. ‘सगळ्यांना माहीतच आहे’ हे उत्तर 1889 मध्येही होतं. प्रार्थना किती वाजता, कोण घेतं, न बसणाऱ्या मुलाने त्या वेळात काय करायचं, त्याच्याकडे कोण लक्ष देतं, हे पालकाला त्याच्या भाषेत लिहून द्यायला काय जातं? कायद्याच्या धाकाने नव्हे; त्याने आपलं लेकरू आपल्या हवाली केलं म्हणून.

सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिचा 11 मार्च 1893 रोजी, म्हणजे ते पत्र जाण्याच्या पाच महिने आधी, धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी सदनाचं प्रकरण घरातूनच पाहिलं म्हणायला हरकत नाही. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. पुनर्विवाहाची चळवळ आणि विधवांचं शिक्षण यांची त्यांनी कटाक्षाने फारकत केली. स्वतः पुनर्विवाह केलेला असूनही आश्रमातल्या मुलींच्या पालकांना त्या बाबतीत निर्धास्त ठेवलं. काही सुधारकांना ही माघार वाटली. पण जी घरं रमाबाईंकडे मुलगी पाठवायला आता धजत नव्हती, त्यांना कर्व्यांचं दार सापडलं, आणि त्या आश्रमासाठी पुढे गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्याच सख्ख्या बहीण होत्या.